एकतीस बिया

बियाणेवालीच्या दुकानातली बी उगवली नाही, अशी तक्रार घेऊन तीस वर्षांत एकही गिऱ्हाईक तिची पायरी चढलं नव्हतं. चढलं असतं तर उतरताना त्याची धडगत नव्हती, ही गोष्ट वेगळी. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं अडीच माणसं मावतील एवढं दुकान होतं. वांगी, मिरची, दोडका, भोपळा, सगळ्यांचं बी ती स्वतः धुवायची, उन्हात खडखडीत वाळवायची, राखेत घोळून डब्यात घट्ट बंद करायची. "ओल लागली की बी गेलीच म्हणून समजा," हे ती येईल त्याला ऐकवायची, न विचारताही.

नवरा अगदी दुसऱ्या टोकाचा. वनखात्याच्या रोपवाटिकेत तो सदाहरित जंगलातल्या झाडांची रोपं वाढवायचा. बोलणं जेमतेम, तिला पुरेपूर वाव मिळावा म्हणूनच देवाने त्याला तसं घडवलं असावं. जेवताना मात्र त्याला जंगलाची आठवण व्हायची. तिथे भर दुपारी खाली अंधारलेलं असतं, बुंध्यांना भिंतीएवढी मुळं फुटतात, आणि उंच फांद्यांवर दुसरीच झाडं संसार थाटून बसतात, असं तो सांगायचा.

"म्हणजे भाडेकरूच की! भाडं देतात का?" ती विचारायची.

तिथल्या एका झाडावर त्याचा फार जीव होता. त्या जातीचं डोंगरात एवढं एकच उरलेलं. अकरा वर्षं तो त्याच्या फुलोऱ्याची वाट पाहत होता. शेवटी ते फुललं, फळलं, आणि बिया पिकल्या त्याच आठवड्यात वादळात मुळासकट कोसळलं. एकतीस बिया त्याच्या हाती लागल्या. रोपवाटिकेला दोन दिवस सुट्टी, म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून त्या त्याने पहिल्यांदाच घरी आणल्या आणि मोरीजवळ सावलीत ठेवल्या.

"चहा घेतो, मग सांगतो तुला यांचं सगळं," तो म्हणाला. चहाचा कप त्याच्या हातातून गळून पडला आणि पाठोपाठ तोही. उजवी बाजू लुळी पडली होती, वाचाही बसली होती.

त्याला सांगायचं होतं ते एवढंच, की या बियांना वाळवण चालत नाही. त्या जंगलातली माती कधी सुकत नाही, त्यामुळे तिथल्या कित्येक झाडांची बी पडते तीच रुजायला. थांबून राहणं तिला ठाऊकच नसतं. वाळली की मेली. रोपवाटिकेत हे झाडलोट करणाऱ्यालाही माहीत होतं. तीस वर्षं बी विकणाऱ्या बाईला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कपडे न्यायला ती दवाखान्यातून घरी आली, तेव्हा तिला ते ओलं गोणपाट दिसलं. एका बीतून पांढरा कोंब डोकावत होता. ओल लागलीच होती. याची अकरा वर्षं अशी मोरीपाशी कुजून जाणार! नवरा वाचेल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते. निदान त्याच्या बिया तरी आपण वाचवू, असं तिने ठरवलं. दवाखाना ते गच्ची अशा खेपा घालत तिने त्या चार दिवस कडक उन्हात वाळवल्या, राखेत घोळल्या, आणि दुकानातल्या सगळ्यात चांगल्या डब्यात भरल्या.

दहाव्या दिवशी तो घरी आला. तिने मोठ्या अभिमानाने डबा त्याच्या चालत्या हातात दिला. त्याने तो हलवला. आत बिया खुळखुळल्या. त्याने डबा मांडीवर ठेवला.

"छान ठेवल्यास," तो अडखळत म्हणाला.

गॅलरीत तिने मातीच्या एकतीस पिशव्या भरून प्रत्येकीत एकेक बी लावली. रोज सकाळी तो खुर्चीवर बसायचा आणि ती पाणी घालायची.

"अजून कशा नाही उगवल्या हो?"

"वेळ लागतो त्यांना."

"तुमच्यासारख्याच आळशी," ती म्हणायची, आणि तो हसायचा. असे चार महिने गेले. मग दुसरा झटका आला, आणि त्यातून तो उठला नाही.

महिन्याभराने ती सगळ्या पिशव्या टेम्पोत घालून रोपवाटिकेत घेऊन गेली. "मी हरले. त्यांची शेवटची इच्छा समजा, पण उगवून द्या," ती तिथल्या मॅडमना म्हणाली.

मॅडमनी एका पिशवीतली माती बोटाने उकरली. "काकांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"काय?"

"या बिया वाळल्या की मरतात, काकू. दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, झाड संपलं. आणि म्हणाले, तिच्या कानावर जाऊ देऊ नका, तिने माझ्यासाठी फार धावपळ केलीय."

बियाणेवाली बाकावर बसली. तिने विचारलं, "फोनवर रडत होते का हो?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"मग माझ्याजवळ रडायचं ना! चार महिने शेजारीच तर बसले होते माझ्या."

आयुष्यात तिने कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. आता तिला जन्मभराचं भांडण करायचं होतं, आणि ज्याच्याशी करायचं तो माणूसच उरला नव्हता.