डोंगराला आलेली ओहोटी

आमच्या विरारच्या डोंगरावरच्या देवीचा सगळा इतिहास मला पाठ आहे, असं मी लग्न झाल्यापासून सासरी सांगत आलो होतो. कराडहून कोण तपासायला येणार?

सासूबाई आल्या. त्या नवस बोलल्या होत्या: जावयाची नोकरी कायम झाली की कराडची हिरवी साडी घेऊन ओटी भरीन, आणि त्या दिवशी ओटी भरेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. म्हणजे नोकरी माझी आणि तहान त्यांची.

निघताना दाराशी एकाच दुकानाच्या दोन पिशव्या होत्या. मी एक उचलली.

"अहो, आत बघून घ्या," बायको म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

पायथ्याशी सासूबाईंनी विचारलं, "रोपवेनं जायचं का?"

"रोपवेनं इतिहास कळत नाही, आई," असं म्हणून मी त्या उपाशी बाईला पायऱ्यांना लावलं.

शंभरेक पायऱ्यांवर त्या थांबल्या. "जावईबापू, कसला हो वास येतोय?"

मला सर्दी होती, वासबीस काही कळत नव्हता. पण 'माहीत नाही' म्हणायची आमच्यात पद्धत नाही. "समुद्राचा," मी म्हणालो. "पूर्वी इथपर्यंत पाणी होतं. दगडांत मुरलाय तो."

"अजून?"

"यालाच तर वारसा म्हणतात."

पुढच्या वळणावर एक मांजर मागे लागलं. मग तीन झाली. "देवीची राखण आहे ही," मी म्हणालो. "भाविकांना वरपर्यंत सोडायला येतात." मागून चढणाऱ्या तुळिंजच्या एका कुटुंबाने मांजरांना हात जोडले. (मला अगदी भरून आलं.)

देवीसमोर आमचा नंबर आला. बायकोने पिशवीत हात घातला आणि तो तसाच राहिला.

"अहो, हे बोंबील आहेत."

सासऱ्यांसाठी आदल्या दिवशी आगाशीच्या बाजारातून मीच हौसेने आणलेले सुके बोंबील! साडी, खण, नारळ सगळं फुलपाड्यात, घरी दाराशी. पुजाऱ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मांजरांकडे. "बाजूला व्हा," एवढंच म्हणाले.

सासूबाई सुकलेल्या ओठांनी बाहेर जाऊन बसल्या. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला खरोखर लाज वाटली.

बोंबील घरी ठेवून, साडी घेऊन मी परत वर आलो. (जाता-येता रोपवेनंच. इतिहास मला पाठ होता ना.)

तोवर एक फुलवाल्या मावशी सासूबाईंजवळ बसल्या होत्या. "थोडं पानी घ्या ना, देवी काय बोलनार नाय," म्हणत होत्या. सासूबाईंनी पाणी घेतलं नाही, पण मावशींनी आपल्या सासूकडून ऐकलेली देवीची गोष्ट मात्र पूर्ण ऐकून घेतली. तिच्यात गाय होती, गुराखी होता. समुद्र कुठेच नव्हता, आणि मांजर तर नावालाही नव्हतं.

ओटी भरली. सासूबाई घटाघटा पाणी प्यायल्या आणि मुद्दाम पायऱ्यांनीच उतरायला निघाल्या. शेवटच्या शंभरेक पायऱ्या राहिल्या तशा थांबल्या. छाती भरून श्वास घेतला, मागे वळून मांजरं शोधली आणि गंभीरपणे म्हणाल्या,

"जावईबापू, ओहोटी लागली वाटतं."