देवमनदादाची गोट्याची फळी

माहा मोठा भाऊ देवमनदादा जत्रेत खिळे ठोकलेल्या फळीवर गोट्याचा खेळ मांडे. गोटी मधल्या घरात गेली का बिस्किटपुडा भेटे. गोट्या घसरू घसरू फळीवर नाली पडली, अन् हरेक गोटी बिस्किटातच जाय.

वहिनी म्हणे, "धंदा करून राह्यले का भोजनदान?"

मंग दादानं नाली लांबीच्या लगद्यानं बुजवली, रंग देला, वार्निश मारलं. फळी चकाकली, पण कामरगावच्या जत्रेत पोट्टे हारू हारू रडाले लागले. दादानं पटाशीनं नाली पुन्हा कोरली, वरून वार्निश मारलं. म्हणे, "आता झिजत नाही."

दादाले जाऊन महिना झाला. काल वहिनीनं फळी पुसून गोटी सोडली. बिस्किटातच गेली.

"गेले तरी वाटूनच राह्यले," वहिनी म्हणाली, अन् पुडा फोडून अर्धा मले देला.