आधी तू संपव

उषा गेल्याचं तिच्या भाचीनं फोनवर सांगितलं. पोरीला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीच. “आंटी, मौसी नहीं रहीं... कल शाम, हार्ट अटैक.” मी आपली मराठीतच विचारत राहिले, तुझ्या आजी कशा आहेत, घरी कोण कोण आलंय... जणू एवढं विचारलं की उषाच फोन घेणार होती. त्याला आता दीड महिना झाला.

छत्तीसगढचं नवं राज्य झालं त्या सुमारास आम्ही दोघी रायपूरला पीएचडी करत होतो. मी भंडाऱ्याची. ब्राह्मणपाऱ्यातल्या तिच्या घरची वरची खोली मी भाड्यानं घेतली आणि महिन्याभरात घरचीच होऊन बसले. दोघींची शिष्यवृत्ती एकाच वर्षी संपली, प्रबंध मात्र दोघींचेही अर्धवट. लोकांना वाटतं, एवढं झालंय तर उरलेलं होईलच. उरलेलंच तर जीव खातं. मी गावी परत जायला सामान बांधायला घेतलं, तशी उषा दारात येऊन उभी राहिली. “काहून जाऊन राहिली? नव्या ऑफिसांत भरती सुरू आहे, मी नोकरी धरते. आधी तू संपव. मग तू कमव, मी माझं संपवते.”

तिनं खरंच कंत्राटी नोकरी धरली. दोन वर्षं माझं खाणं, झेरॉक्स, टायपिंग सगळं तिच्या पगारातून. कामावरून आली की जिन्यातूनच ओरडायची, “पोट्टे, लिहून राहिली का झोपून राहिली?” रविवारी मात्र गुढियारीला जायची. तिथल्या गोदामांत ओझी वाहणाऱ्या रेजांवर, म्हणजे मजूर बायकांवर, तिचा प्रबंध होता. त्या बायकांसोबत पोत्यांवर बसून ती चहा प्यायची, त्या सांगत जायच्या, ही वहीत उतरवायची. “हव दीदी, येहू ला लिख ले,” हेही लिहून घे, असं त्याच तिला बजावायच्या.

माझी पदवी झाली, दुर्गच्या कॉलेजात नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली, आणि नेमकी तेव्हाच नवऱ्याची नोकरी सुटली. आता उषानं नोकरी सोडून लिहायला बसायचं, घर मी चालवायचं, असं ठरलेलं... आणि माझंच घर कसंबसं चाललं होतं. ती बाळाला बघायला आली. डिंकाचा लाडू खाता खाता म्हणाली, “माझं रजिस्ट्रेशन रद्द झालं. मुदत संपली म्हणे. तू मनाले लावून घेऊ नको.” मी रडले. पण मला हायसंही वाटलं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तो विषय तिनं कधी काढला नाही. नोकरीत कायम झाली. गुढियारीला जात राहिली. मला वाटायचं, बायकांचा लळा लागलाय.

गेल्या आठवड्यात तिच्या आईला, काकूंना, भेटायला गेले. त्यांनी उषाचं कपाट उघडलं. खाली गुढियारीच्या वह्या, वर विद्यापीठाचं पत्र. तिला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली होती. तारीख पाहिली... ती बाळाला बघायला आली त्याच्या आठ दिवस आधीची.

“ती म्हणे, माधुरीचं लेकरू लहान आहे, तिले सांगू नको,” काकू म्हणाल्या. “तुले खरंच माहीत नव्हतं का वं?”

नव्हतं, म्हटलं. ते खरंच आहे. पण एका तळटिपेतल्या पानाच्या आकड्यासाठी चार ग्रंथालयं पालथी घालणारी मी... त्या दिवशी ‘कागद दाखव’ एवढंसुद्धा मी तिला म्हटलं नाही.