गठ्ठ्यांमागचं दार

अग्निशमन खात्याचा तो तपासनीस बाजारात शिरला की बातमी त्याच्याआधी चार दुकानं पुढे पळायची. हसतमुख दुकानदारांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे व्हायचे, जिन्यातली खोकी पटापट हलायची, आग विझवायच्या नळकांड्यांवरची वर्षाची धूळ बाहीनेच पुसली जायची. कुणी त्याला वाईट म्हणत नसे. पण 'बसा' असंही कुणी मनापासून म्हणत नसे. सत्तावीस वर्षं माणसाने गावभर पायपीट करावी आणि त्याला घटकाभर टेकायला जागा नसावी, म्हणजे कमालच झाली!

त्याची तपासायची एक तऱ्हा होती. कागद, तारखा, नळकांडी सगळं बघून झालं की तो मालकाला म्हणायचा, "आता डोळे मिटा आणि मागच्या दाराने बाहेर या." धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. एका जळलेल्या दुकानात दारापासून दोन हातांवर पडलेली माणसं त्याने पाहिली होती. भलेभले मालक आपल्याच दुकानात धडपडायचे. लोक हसायचे, तो हसायचा नाही.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी दूर, फोनवर "बाबा, जेवलात का?" एवढं विचारून ठेवून देणारी. उरला एक पुस्तकं बांधणारा बाइंडर, शाळेपासूनचा दोस्त. दर रविवारी सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं वर करून दोघं बुद्धिबळ खेळत, वहिनी चहा पाठवत आणि हरला की बाइंडर त्याला मनसोक्त शिव्या घाली. त्याला 'अरे' म्हणणारा तेवढा एकच माणूस उरला होता. तेवढ्यावर तो पुढचा आठवडा काढायचा.

यंदा विभागांची अदलाबदल झाली आणि बाइंडरचं दुकान त्याच्या यादीत आलं. फाइल दुसऱ्याला देता आली असती. पण तो दुसरा जागचा न हलता सही ठोकणारा. म्हणून तो स्वतःच गेला.

"ये रे, बंबवाल्या!" बाइंडरने आरोळी ठोकली. "आज कामाच्या दिवशी वाट कशी चुकलास?"

"कामालाच आलोय. डोळे मीट आणि मागच्या दाराने बाहेर जा."

"माझ्याच दुकानात? हात्तिच्या!" बाइंडरने कामगारांकडे बघून डोळा मारला आणि डोळे मिटून तरातरा निघाला. वहिनीही गंमत बघायला पुढे आल्या. सहाव्या पावलाला तो कागदाच्या गठ्ठ्यांवर आदळला आणि सपशेल आडवा झाला. दार त्या गठ्ठ्यांमागे होतं. कामगार फिदीफिदी हसले.

तपासनिसाने हात पुढे केला. तो न धरताच बाइंडर उठला.

"लिही, काय लिहायचं ते लिही. पण एक सांग. बारा वर्षं दर रविवारी ह्याच गठ्ठ्यांवर बूड टेकून बसतोस. दार आज दिसलं होय तुला?"

खरंच होतं ते. दुकान यादीत नव्हतं, म्हणून त्याने कधी तपासनिसाच्या नजरेने बघितलंच नव्हतं. सबंध गावात त्याची ती एकच बसायची जागा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलंच माझं," तो पुटपुटला आणि नोटीस लिहायला घेतली. पंधरा दिवसांत दार मोकळं करा, नाहीतर दुकान बंद. अक्षर वेडंवाकडं आलं.

मधले दोन रविवार तो घरीच पट मांडून बसला. दोन्हीकडून स्वतःच खेळला आणि दोन्ही वेळा डाव अर्धा टाकून उठला.

सोळाव्या दिवशी तो गेला तेव्हा गठ्ठे भिंतीला लागले होते, कडीला तेल दिलेलं होतं. बोट ठेवायला जागा नव्हती. वहिनींनी नुसती मान हलवली. बाइंडरने चष्मा लावून फेरतपासणीचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "सही कुठे करू?"

त्याने जागा दाखवली. सही झाली. कागदाची घडी घालता घालता त्याच्या तोंडून निघून गेलं, "रविवारी येऊ?"

बाइंडर खळीत ब्रश बुडवत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"रविवारी दुकान बंद असतं, साहेब."