चहाला म्हटलेली सरी

पाडव्याला नवरा बायकोच्या गळ्यात दागिना घालतो; मी होता तो उतरवला.

तेव्हा आम्ही बंगळूरला चामराजपेटेत राहत होतो. पुण्याहून साडू नानासाहेब आणि मेहुणी माई दिवाळीला आले होते. बरोबर त्यांचा नवाकोरा ट्रान्झिस्टर! (तो ते झोपतानाही उशाशी घेत.) माई म्हणजे माझ्या कमलची थोरली बहीण. आईनं आपली सोन्याची सरी धाकट्या कमलच्या गळ्यात घातली, याचा राग माईंनी बारा वर्षं लोणच्यासारखा मुरवला होता.

पाडव्याच्या दुपारी तीन पत्ती मांडली. पैशांऐवजी चिंचोके. मी माझा सिद्धांत ऐकवला, "नानासाहेब, समोर ढीग असेपर्यंत सावकाश चाल करावी. चिंचोके थोडे उरले की दोनच मार्ग. सगळं लावा, नाही तर पत्ते टाका! मधे लोंबकळला तो मेला!" (हा सिद्धांत साऱ्या पेटेनं ऐकला होता. त्यावर जिंकलेला एकही माणूस मला माहीत नाही.)

तासाभरात माझ्याकडे सात चिंचोके उरले. नवे पत्ते आले. उचलून बघतो तो तिन्ही बदाम, त्यात एक्का! रंग!

नानासाहेबांना चिंचोक्यांचा कंटाळा आला असावा. "हा ट्रान्झिस्टर लावला!" ते गरजले. "बोला वसंतराव, तुम्ही काय लावता?"

नेमकी त्याच क्षणी कमल स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, चहा टाकू का?"

"सरी!" मी म्हणालो.

बंगळुरात बारा वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडी दुसरं काय येणार? कानडीत सरी म्हणजे 'बरं'. भाजीवाल्याला सरी, कंडक्टरला सरी, साहेबाला तर दिवसभर सरी! पण पुण्याच्या माईंना कानडी कुठलं?

"ऐकलंत?" माई टाळी वाजवून म्हणाल्या. "आईची सरी लावली यांनी!"

एका वाक्यात खुलासा झाला असता. मी तोंड उघडलंही होतं. पण हातात रंग, समोर ट्रान्झिस्टर आणि डोक्यात माझाच सिद्धांत! मी तोंड मिटलं आणि पत्ते उघडले.

नानासाहेबांनी शांतपणे तीन तिऱ्या मांडल्या. रंग हरला!

कमल चहा घेऊन आली, तेव्हा माई तिच्या गळ्याकडेच बघत होत्या. सगळा प्रकार ऐकून ती पांढरी पडली.

"अगं, मी चहाला सरी म्हटलं गं!"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मी उरलेले चिंचोके गोळा करून खिशात टाकू लागलो.

"जाऊ द्या हो, खेळ आहे," नानासाहेब पुटपुटले. "शब्द म्हणजे शब्द!" माई म्हणाल्या. कमलनं सरी उतरवून त्यांच्या हातात ठेवली. मला माईंचा राग यायला हवा होता. पण लाज वाटली ती स्वतःचीच.

संध्याकाळी कमलनं रीतीप्रमाणे मला ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात तिचा मोकळा गळा बघवेना. पत्त्यांच्या नादात ओवाळणीची साडी आणायची राहिलीच होती! मी घाईघाईनं खिशात हात घातला आणि हाताला आलं ते तबकात टाकलं.

सात चिंचोके.

कमलनं ते एकेक करून मोजले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सरी."

कानडीतली की आईची, हे विचारायचं धाडस झालं नाही. लावायला काहीच उरलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी वेळेवर पत्ते टाकले.