गेलेल्या कंपनीच्या गाड्या

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. मूर्तिजापूरच्या अलीकडचा ढाबा, सकाळची वेळ.
हजर : मी, अमरावतीहून, माझ्या गाडीने. बाळापूरचे गुरुजी, जावयाच्या गाडीने. जावई.
गैरहजर : बाकी सगळे.

हजेरी मी पहिल्या बैठकीपासून लिहिते. मला कोणी सांगितलं नव्हतं. पाटबंधारे विभागात आस्थापना शाखेत इतकी वर्षं नोकरी केल्यावर चार माणसं एका टेबलाशी बसली की हात आपोआप कागदाकडे जातो. पूर्वी हजर माणसांची नावं पानभर जायची आणि गैरहजरांची एक ओळ असायची.

बैठक म्हणजे एका अमेरिकन कंपनीच्या गाड्या चालवणाऱ्यांची. ही कंपनी इथे गाड्या बनवणं बंद करून निघून गेली, तेव्हा टीव्हीवर बातमी पाहून पातूरच्या डॉक्टरांनी फोनवर एक ग्रुप काढला. अमरावतीच्या शोरूमची पाटी उतरली आणि महिन्याभरात तिथे दुसऱ्याच कंपनीची लागली. आता पार्ट कुठे मिळणार, मिस्त्री कोण, विमावाला काय म्हणतो, हे एकमेकांना विचारायचं म्हणून आम्ही जमायला लागलो. मूर्तिजापूर अमरावतीलाही पडतं आणि अकोल्यालाही, म्हणून ढाबा तिथला. दिवस महिन्याचा दुसरा रविवार.

ही गाडी मी घेतली तेव्हा चाळिशीत होते. घरी आई आणि मी. नागपूरचा भाऊ मुद्दाम आला होता. तो म्हणाला, "सगळे घेतात ते घे. गल्लीगल्लीत मिस्त्री भेटते. इचा मिस्त्री शोधाले तुले नागपूरले या लागन." शोरूममधला मुलगा सगळी माहिती भावालाच सांगत होता. मी म्हटलं, चावी द्या. बडनेरा रस्त्यावर एक चक्कर मारली. स्टिअरिंग जड नाही, हलकंही नाही, हाताला नीट उत्तर देणारं. दार लावलं की घट्ट आवाज यायचा. परत येऊन मी सही केली. आमच्या खानदानात गाडी चालवणारी मी पहिली बाई. आई मागे बसायची, पुढे कधीच नाही. पुढे बसलं की ट्रक अंगावर येतात म्हणायची. आई जाऊन आता काही वर्षं झाली. मागची सीट अजून नव्यासारखी आहे.

कंपनीचा इतिहास मला गुरुजींनी सांगितला. ते बाळापूरच्या शाळेत सामाजिक शास्त्रं शिकवायचे, निवृत्त झाले, बायको आधीच गेलेली. चहा येईपर्यंत त्यांचा तास सुरू व्हायचा. कंपनी काढणारा शेतकऱ्याचा मुलगा. शेतीत मन नव्हतं, घड्याळं उघडून बसायचा. गाड्या तेव्हा श्रीमंतांच्या. यानं ठरवलं, आपल्या कारखान्यातल्या मजुराला घेता आली पाहिजे अशी गाडी करायची. माणसाने गाडीभोवती फिरण्याऐवजी गाडीच माणसापुढून सरकत नेली. मजुरी वाढवली. इंग्रजांच्या काळात ही कंपनी मुंबईत गाड्या जोडत होती, स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत गेली. नव्वदच्या दशकात परत आली आणि आता परत गेली.

"असा पाव्हणा पाह्यला काय कुठं?" गुरुजी म्हणायचे. "दोनदा आला, दोनदा गेला, अन् दोनी खेपेले आपल्याच घरी सामान ठेवून गेला."

मी घरी जाऊन आणखी वाचलं. त्याच माणसाने एका धर्माच्या लोकांविरुद्ध विखारी लेखन छापून वाटलं होतं, आपल्या विक्रेत्यांकरवी. पुढच्या बैठकीत मी ते बोलले. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतलेली. असलं काही वाचून मी गप्प बसू शकत नाही. मग गुरुजी म्हणाले, "माहीत आहे मले. शाळेत शिकवत नव्हतो, तुमाले बी नाई सांगतलं. आता सांगत जाईन." आणि खरंच, नंतर कोणी नवा आला की ते तेही सांगायचे, गाडीच्या कौतुकाच्या मध्येच. गुरुजींशी माझं खरं जमलं ते त्या दिवसापासून. ते आधीही मला पाहिल्या पाहिल्या "जय भीम, ताई" म्हणायचेच. पण त्यानंतर मी त्यांच्या शेजारची खुर्ची घ्यायला लागले.

वऱ्हाडात या गाडीचं नाव मात्र इतिहासावर नाही, लग्नावर ठरलं. कंपनी होती तोवर लोक म्हणायचे, लोखंड आहे लोखंड, ठोकली तरी माणूस वाचते. कंपनी गेल्यावर तीच माणसं म्हणायला लागली, हत्ती आहे, पोसा आता. सगळ्यात आधी गाडी विकली ती ग्रुप काढणाऱ्या डॉक्टरांनीच. मुलीचं स्थळ पाहायला जायचं होतं. बायको म्हणाली, बंद पडलेल्या कंपनीच्या गाडीतून उतरलो तर समोरची पार्टी काय म्हणन? डॉक्टरांनी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि ते बाहेर पडले. वलगावच्या भाऊंनी पुढच्याच बैठकीत जाहीर केलं, "डॉक्टरच पळाला, आता पेशंटनं काय करावं?" हसलो आम्ही सगळे. दिवाळीनंतर भाऊंचीही गाडी गेली.

पार्टची गंमत वेगळीच झाली. आमच्याकडे वर्षाचं धान्य भरतात, तूर, गहू, तिखट, सगळं उन्हाळ्यात एकदाच. त्याच हिशोबाने प्रत्येकाने कंपनी गेल्याच्या भीतीने पार्ट भरले. कोणी कोणाला विचारलं नाही. यादी करायचं माझ्या डोक्यात आलं तोवर उशीर झाला होता. यादी केली तेव्हा कळलं, सगळ्यांकडे ब्रेक पॅड आणि फिल्टर, आणि दाराचं हँडल एकाकडेही नाही. रबरी पाइप आणि सांध्यांतले रबरी बुश मात्र भरपूर. अकोल्याच्या एका डाळमिलवाल्यांनी तर मिलच्या टिनाखाली पोत्यांच्या थप्पीवर खोकं ठेवलं होतं. दोन उन्हाळे गेले. गाडीचा पाइप फुटला म्हणून त्यांनी खोकं उघडलं, तर नवा पाइप हातात पापडासारखा मोडला. मग आम्ही सगळ्यांनी आपापली खोकी उघडली. माझंही टिनाच्याच खोलीत होतं. रबर म्हणजे तूर नाही, हे एवढ्या शिकलेल्या लोकांच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर नियम केला. जो गाडी काढून टाकेल त्याने आधी ग्रुपला विचारायचं. कोणाला पार्ट हवे असतील तर त्याने ते आधी काढून घ्यायचे. पण लोकांनी न विचारताच गाड्या विकल्या. एकेक जण ग्रुपमधून निघत गेला, आणि मागच्या वर्षभरात टेबलावर गुरुजी आणि मी असे दोघंच उरलो. दोघंच असलो तरी बैठक व्हायची. मी हजेरी लिहायचे. ते बाळापूरच्या खबरा सांगायचे, मी ऑफिसच्या. पार्टविषयी बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. ढाबेवाला न विचारता एक बिनसाखरेचा आणि एक साधा चहा आणायचा. महिन्यातले बाकीचे रविवार मी कपडे, भाजी, बँकेचे कागद यांत संपवते. त्या सगळ्याची यादी असते, म्हणून ते संपतात. दुसरा रविवार मात्र मला यादीत लिहावा लागत नव्हता.

९ फेब्रुवारीला मी आधी पोचले. पांढरी नवी गाडी आली आणि मागच्या दारातून गुरुजी उतरले. त्यांना मागच्या दारातून उतरताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"जय भीम, ताई. हे आमचे जावईबापू. अकोल्याचे."

"नमस्कार. गाडीला काय झालं गुरुजी?"

"गाडीले काहीच नाई झालं. मले झालं." त्यांनी डोळ्यांकडे बोट दाखवलं. "साखरेनं आतला पडदा खराब केला म्हनते डॉक्टर. समोरचा ट्रक दिसते, बाजूची सायकल दिसत नाई."

जावई खुर्ची ओढून बसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मॅडम, तुमीच सांगा यायले. आमी सहा महिन्यांपासून सांगून राहिलो. कंपनीनं देश सोडला, पण बाबा गाडी सोडाले तयार नाई."

"कंपनी अमेरिकेची होती, जावईबापू. गाडी बाळापूरची आहे," गुरुजी म्हणाले.

"हाव, अन् बाबाही बाळापूरचे. पण आता अकोल्याले चालले ना आमच्या घरी."

ते मला तेव्हा कळलं. घर बंद करून मुलीकडे कायमचं जायचं, याच महिन्यात. जावयाच्या ओळखीचा एक भंगारवाला गाडी न्यायला तयार होता.

गुरुजी माझ्याकडे पाहत होते. "नियम आहे ना आपला. मी विचारून राहिलो. पार्ट पाह्यजे काय तुमाले?"

चहा आला. मी वही काढली आणि लिहायला सुरुवात केली. डाव्या दाराचं हँडल, माझं सैल झालंय. काचेची मोटर. हेडलाइट. स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, चांगला असेल तर. मी एकेक सांगत होते आणि ते मान डोलावत होते, नेहमीपेक्षा जोरात. जावयांनी विचारलं, "एवढं सगळं नेऊन काय करता मॅडम? नवी घेऊन घ्या ना."

"माझी चालते अजून," मी म्हटलं.

"ह्या बाईले काही म्हनू नका," गुरुजी म्हणाले. "ह्या माह्या गाडीले जिती ठेवणार आहेत."

निघताना पुढच्या बैठकीचं कोणीच काही बोललं नाही. जावयांनी गुरुजींसाठी मागचं दार उघडलं, आणि मी पार्ट कोणत्या दिवशी काढायचे ते पक्कं केलं.

पुढच्या शनिवारी अमरावतीचा माझा मिस्त्री घेऊन बाळापूरला गेले. गाडी घरासमोर लिंबाखाली उभी होती, पुसलेली. घरात सामान बांधून ठेवलेलं. गुरुजी खुर्ची टाकून बसले आणि मिस्त्रीलाही सगळा इतिहास सांगितला, चांगला आणि वाईट दोन्ही. मिस्त्री "हो का, हो का" म्हणत बोल्ट काढत राहिला. डाव्या दाराचं हँडल निघालं. मग मिस्त्री म्हणाला, उजव्याचंही घेऊन ठेवू. मग मागच्यांचंही. गुरुजींनी हाक मारली, "ताई, चारही दारांचे हँडल नेऊन राहिल्या, आता मले काय खिडकीतून बसवता काय?"

"तुम्हाला कुठे बसायचं आहे आता," मी हसत म्हटलं, आणि म्हटल्यावर लक्षात आलं. तेही हसले, पण जरा उशिरा.

दुपारी शेजारच्या बाईंनी ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत पाठवलं. आम्ही ओसरीवर जेवलो. गुरुजी म्हणाले, अकोल्याच्या घरात सगळे चांगले आहेत. नातवंडं शाळेत जातात, मुलगी नोकरीला जाते. दिवसभर टीव्ही लावून देते म्हणाली. "टीव्ही काय माह्याशी बोलन?" असं काहीतरी ते पुटपुटले आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मी विचारलं, कागदपत्रं कोणाकडे आहेत, नोंदणी रद्द करायचा अर्ज कोण करणार. ते म्हणाले, जावईबापू. मी म्हटलं, बरं झालं.

मला विचारायचं होतं ते हे नव्हतं.

पार्ट आता माझ्या घरी आहेत, आतल्या खोलीत. आईची खाट होती त्या जागी. टिनाखाली काही ठेवलेलं नाही. दोन हँडलं बसवून झाली, काचेची मोटर बसवून झाली, काच आता न अडकता वर जाते. रॅक मिस्त्रीने तपासला, तो बरा निघाला. फोनवरच्या ग्रुपमध्ये आम्ही दोघंच आहोत. गुरुजींनी अकोल्याला गेल्यावर तिथे एक ओळ टाकली : "पोचलो." मी लिहिलं : "बरं."

अडचण अशी आहे, की बैठक गाड्यांची होती. त्यांच्याकडे गाडी राहिली नाही आणि माझ्याकडे आता इतके पार्ट आहेत की मला कोणाला काही विचारायची गरज नाही. मग त्यांच्या मुलीच्या घरी फोन करून कारण काय सांगायचं? एक नोकरी करणारी बाई, नात्यातली नाही, गोतातली नाही, तुमच्या वडिलांना चहाला न्यायला येते म्हणते. जावई म्हणतील, मॅडम, आता काय राहिलं? डोळे असे असताना त्यांना एकट्याने एसटीने पाठवणार नाहीत. म्हणजे मलाच मूर्तिजापूर सोडून पुढे अकोल्यापर्यंत जावं लागेल, त्यांना घेऊन परत ढाब्यावर यायचं आणि पुन्हा सोडून यायचं. गाडीला ते काहीच नाही. पेट्रोल भरून ठेवलं आहे, हवा पाहिली आहे, मागच्या सीटवरची चादर काढून धुतली आहे. पुढे बसतील तर पुढे, मागे बसतील तर मागे.

मार्चचा दुसरा रविवार जवळ आला आहे. या आठवड्याच्या यादीतली बाकीची कामं झाली. अकोल्याला फोन करून, गुरुजी, घ्यायला येऊ का, हे विचारायचं राहिलं आहे.