अर्ध्या चेहऱ्याचे फोटो

गेल्या थंडीत एका सकाळी मी चूळ भरली आणि पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळून साडीवर आलं. आरशात पाहिलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा मिटेना.

नवरा मला फ्रीगंजच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "दिमाग का लकवा नहीं है. चेहरे की नस सूजी है. टाइम लगेगा." मी शाळेत शिकवते, दोन महिन्यांची सुट्टी टाकली.

चेहऱ्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं, "रोज एक फोटो काढा, हसून. आरशात फरक कळत नाही, फोटोत कळतो." मी माधव नगरच्या आमच्या घरात, बाल्कनीच्या भिंतीशी उभी राहून रोज सेल्फी काढायला लागले. दहाव्या दिवशीचा फोटो फेसबुकवर टाकला. का, ते आजही नीट सांगता येत नाही. राग नव्हता, हिंमतही नव्हती.

तासाभरात इंदूरहून दादाचा फोन आला.

"हे काय? लोकांची सहानुभूती गोळा करायचीय का?"

"माहीत नाही."

"मग काढून टाक."

दुपारी आमच्या प्रिन्सिपल बाईंचा फोन आला. "क्या कॉन्फिडेंस है आपका! मेरी तो हिम्मत न होती."

मी 'मॅडम' म्हणायला गेले, तर ओठ मिटेनात आणि 'म' उमटलाच नाही. दोघांपैकी कोण बरोबर, याचा मी बराच वेळ विचार केला. खोटं कशाला सांगू, दर पाच मिनिटांनी फोन उघडून किती लाइक आले ते बघत होते. आनंद होत नव्हता. नानाखेड्याच्या स्टँडवर बस लागली का बघतात, तसं बघत होते.

मग मी रोजच फोटो टाकायला लागले. लाइक हळूहळू कमी झाले. नवऱ्याचा एकही नव्हता. एका संध्याकाळी मेथी निवडताना मी त्याला विचारलं, "तू बघतोस का माझे फोटो?"

"बघतो."

"कुठे?"

"खाली, पार्किंगमध्ये. ऑफिसातून आलो की. एकदम समोर आलीस की मला बघवत नाही. चेहऱ्यावर दिसतं माझ्या. म्हणून आधी फोटो बघून घेतो, मग वर येतो."

ऐकून वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण काही वाटलं नाही. जुडी संपेपर्यंत मेथी निवडत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी फोटो सकाळी टाकणं सोडलं. त्याचं ऑफिस सुटायच्या वेळेला टाकायचा, एवढंच ठरवलं.

होळीच्या सुमाराला डोळा मिटायला लागला, तोंडही सरळ झालं. एक दिवस बाल्कनीतून पाहिलं, तो पार्किंगमध्ये न थांबता वर आला, माझ्याकडे बघत चपला काढल्या आणि चहा मागितला. त्यानंतर मी फोटो टाकला नाही.

दादाचा परत फोन आला. "आता छान दिसत असशील. आता टाक की एक."

"बघते," मी म्हटलं.

जेवताना अजून डाव्या डोळ्यातून पाणी येतं. नस जुळताना थोडी चुकीची जुळते, असं डॉक्टर म्हणतात. नवरा रुमाल सरकवतो. मी रडत नाहीये, हे त्याला ठाऊक आहे.